नक्कल आणि अस्सल

गेल्या जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा मराठीचे शिक्षक काही आठवडे रजेवर होते व त्यांचा नववीचा तास मजकडे आला होता. मी शास्त्राचा शिक्षक. प्रयोगवह्या तपासण्याची सवय जडलेल्या माणसाच्या हाती निबंधाच्या वह्या आल्या, म्हणजे त्याच्याकडून चूक व्हावयाचीच. परंतु माझ्याकडून जी चूक झाली ती केवळ नवखेपणाची नव्हती, आणि म्हणूनच ती या वार्षिकाच्या पानांवर उघडपणे सांगावी असे मी ठरविले आहे.

निबंधाचा विषय होता ‘माझे गाव’. एका मुलाचा निबंध वाचून मी प्रसन्न झालो. निसर्गाच्या कुशीत वसलेले गाव, खळखळ वाहणारी नदी, डोलणारी हिरवी शेते, पारावर बसलेले वडीलधारे, सारे काही शुद्ध व सुबक भाषेत मांडलेले होते. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता. मी त्यास वीसपैकी अठरा गुण दिले. त्याच गठ्ठ्यात पाथर्डी तालुक्यातील, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीची वही होती. तिने लिहिले होते की, दसरा झाला म्हणजे तिचे गाव रिकामे होते. आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे, शेळ्या आणि कुलपे राहतात. आणि गावात कोण उरले आहे, हे सांजेला कोणाच्या घरातून धूर निघतो यावरून कळते. वाक्ये तुटक होती, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, समारोप तर नव्हताच. मी नऊ गुण दिले व खाली शेरा मारला, ‘वर्णन अपुरे. भाषा सुधारावी.’

त्यानंतर आठच दिवसांनी पालकसभा होती. त्या मुलाची आई उशिरा आली व संकोचून म्हणाली, “सर, टँकरची वाट बघत बसले होते, म्हणून उशीर झाला.” मी आश्चर्याने विचारले, “अहो, तुमच्या गावाला तर नदी आहे ना?” त्या माउलीने माझ्याकडे नवलाने पाहिले. “कसली नदी, सर? एक ओढा आहे. पाऊस चांगला झाला तर श्रावणात चार दिवस वाहतो.” मुलास बोलावून विचारले तेव्हा त्याने लपवालपवी केली नाही. वडिलांच्या मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास त्याने केवळ विषय सांगितला होता; निबंध यंत्राने लिहिला होता.

मी त्या मुलावर रागावणार होतो. परंतु रागावण्याचा अधिकार मजकडे किती उरला होता? ज्या पाण्यासाठी आई रांगेत उभी राहते ते पाणी मुलाने कागदावर खळखळ वाहविले, आणि मी त्यास अठरा गुण दिले. जिने आपले गाव डोळ्यांनी पाहून लिहिले तिला नऊ. अस्सल कोणते व नक्कल कोणती हे पारखण्याचे ज्याचे काम, तोच फसला होता. तेव्हापासून हा नक्कल आणि अस्सल यांचा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे, व त्यावर शास्त्राच्या एका सामान्य शिक्षकास काय वाटते ते येथे मांडीत आहे.

या विषयावर समाजात दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हल्ली सगळीकडे नकलाच माजल्या आहेत. गाणी उसनी, पोशाख उसना, लग्नाचा थाट उसना. एकाने मोबाईलवर नाच केला की हजारो तोच नाच करतात. पूर्वीचे लोक मात्र जे करीत ते स्वतःचे करीत. दुसरा पक्ष म्हणतो, जगात नवे असे काही नसतेच; ज्याने त्याने कोणाकडून तरी घेतलेले असते; मग मुलांनी घेतले तर एवढा गहजब कशाला? माझ्या मते या दोन्ही पक्षांनी प्रश्नाचे मूळ पाहिलेले नाही. पहिल्याने अनुकरणास सरसकट पाप ठरविले आहे व दुसऱ्याने त्यास सरसकट माफी दिली आहे. अनुकरण कोणत्या जातीचे आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

प्रथम निसर्गाकडे पाहू. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी जेव्हा दुभंगते तेव्हा तिच्यातील आनुवंशिक मजकुराची पुरी नक्कल करावी लागते. मनुष्याच्या बाबतीत हा मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे. ही नक्कल इतक्या दक्षतेने होते, व झालेल्या चुका पेशीच इतक्या कसोशीने दुरुस्त करते, की शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक उरते. नक्कल इतकी चोख नसती तर गव्हाच्या दाण्यातून गहू उगवला नसता. परंतु ती शंभर टक्के चोख असती, तर पृथ्वीवर आजही पहिल्या सूक्ष्म जीवांखेरीज दुसरे काही दिसले नसते. जी थोडी फारकत उरते, तिच्यातूनच परिस्थितीच्या कसोटीस उतरलेली नवी रूपे टिकत गेली. म्हणजे निसर्गात नक्कल व नावीन्य हे वैरी नाहीत. नक्कल हा पाया, फारकत ही भर, आणि परिस्थितीची कसोटी हा न्यायाधीश, असा हा कारभार आहे.

मनुष्याच्या शिक्षणातही हेच घडते. मूल बोलावयास शिकते ते आईच्या बोलण्याची नक्कल करूनच. आपण सर्वांनी लहानपणी कित्ता गिरविला आहे. कित्ता गिरविणाऱ्या मुलास कोणी चोर म्हणत नाही. मात्र पन्नाशीच्या गृहस्थाने सही करण्यासाठीही कित्ता मागितला, तर त्याची कीव करावी लागेल.

शास्त्रात तर अनुकरणास मानाचे पान आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. एखाद्या संशोधकाने शोध लावला असे म्हटले की तेवढ्याने तो मान्य होत नाही. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या संशोधकाने तोच प्रयोग तसाच करून पाहावा लागतो. त्यासही तेच दिसले तर शोध खरा. परंतु हे अनुकरण कृतीचे असते, उत्तराचे नव्हे. कृती दुसऱ्याची घ्यावयाची व जे दिसेल ते आपल्या डोळ्यांनी पाहून लिहावयाचे, हा तेथील नियम आहे. १६०९ साली गॅलिलिओच्या कानी आले की, हॉलंडात दूरची वस्तू जवळ दाखविणारी नळी निघाली आहे. दुर्बीण ही काही त्याची कल्पना नव्हे. त्याने ऐकलेल्या माहितीवरून स्वतः भिंगे घासून तशी नळी केली, ती सुधारली, आणि १६१० च्या जानेवारीत गुरू ग्रहाकडे रोखली. तेथे त्यास चार चंद्र दिसले. इतरांनी ती नळी दूरची गलबते पाहण्यासाठी वापरली. त्याने रात्रीमागून रात्र एका ठिपक्याकडे पाहून दर रात्रीचे चित्र काढून ठेवले. साधन उसने होते, पाहणे त्याचे होते.

आता माझा स्वतःचा एक अपराध सांगतो. महाविद्यालयात असताना साध्या लंबकाच्या प्रयोगावरून गुरुत्वत्वरण काढावयाचे होते. पुस्तकात उत्तर होते ९.८. माझे उत्तर पुन्हा पुन्हा ९.६ येत होते. वेळ संपत आली होती, शेजाऱ्याची वही उघडी होती. मी त्याचे आकडे किंचित फिरवून उतरून घेतले व प्रयोगवहीत ९.७८ असे सुबक उत्तर लिहिले. सही मिळाली, गुण मिळाले. पुढे मी शिक्षक झालो. एके दिवशी एक विद्यार्थी माझ्यासमोर तेच ९.६ हे उत्तर घेऊन आला. त्याच्या मांडणीजवळ उभे राहून पाहिले, तेव्हा उमगले की तो दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या कडीपर्यंत मोजीत होता. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयास हवी. मीही तेव्हा हेच केले असणार. माझ्या वहीत माझे खरे आकडे राहिले असते, तर त्यांनी मला माझी चूक त्याच आठवड्यात सांगितली असती. मी ते पुसून शेजाऱ्याचे लिहिले, आणि जी गोष्ट अर्ध्या तासात शिकावयाची ती शिकावयास मला कित्येक वर्षे लागली. नक्कल करून मी परीक्षकास फसविले, हे खरे. परंतु माझे त्याहून मोठे नुकसान झाले ते हे, की माझी चूकही माझी राहिली नाही.

असा मोह केवळ विद्यार्थ्यांस होतो असे नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ मिलिकन याने विसाव्या शतकाच्या आरंभी तेलाच्या बारीक थेंबांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनवरील विद्युद्भार मोजला. काम थोर होते. तथापि हवेच्या चिकटपणाचा आकडा चुकीचा घेतल्यामुळे त्याचे उत्तर किंचित कमी आले. पुढील संशोधकांची उत्तरे खऱ्या आकड्यावर एकदम पोहोचली नाहीत. थोडी थोडी वर सरकत गेली. याचे कारण रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांसमोर केलेल्या एका भाषणात स्पष्ट सांगितले: आपले उत्तर मिलिकनच्या उत्तराहून फार निराळे आले की संशोधक आपल्याच प्रयोगात चूक शोधीत बसत, आणि ते जवळ आले की फारशी चौकशी करीत नसत. मोठमोठ्या माणसांनीही नकळत कित्ताच गिरविला. ज्या विद्येचा सारा डोलारा स्वतः पाहण्यावर उभा आहे, तेथेही दुसऱ्याच्या उत्तराचे वजन माणसाच्या डोळ्यांवर असे पडते.

शास्त्राकडून मिळालेली ही कसोटी घेऊन आता आपण आपल्या वाङ्मयाकडे व संस्कृतीकडे वळू. आपल्या जिल्ह्यास यासाठी दूर जावे लागत नाही. प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सातशे श्लोकांच्या संस्कृत गीतेवरील ही सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका होय. ‘टीका’ म्हटली की ती दुसऱ्याच्या ग्रंथावरच आधारलेली. विषय व्यासांचा, क्रम व्यासांचा. आपण व्यासांच्या मागोव्याने व भाष्यकारांना वाट विचारीत चाललो, असे ज्ञानेश्वर स्वतःच नम्रपणे सांगतात. तरीही ज्ञानेश्वरीस गीतेची नक्कल म्हणण्याचे धाडस कोण करील? वाट विचारणारा मनुष्य आपल्या पायांनी चालत असतो. त्यांनी ऋण लपविले नाही, व ऋणावर थांबलेही नाहीत. नेवाशाच्या शेतकऱ्यास जे दृष्टांत कळतील, ते त्यांनी येथल्या मातीतून घेतले.

या ग्रंथाचा पुढील इतिहासही आपल्या विषयास धरून आहे. छापखाना नसल्याने जवळजवळ तीनशे वर्षे पोथ्या हातांनी उतरविल्या जात होत्या. उतरविणारे काही जण ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ या न्यायाने डोळे मिटून उतरवीत. काही जण मध्येच आपल्या पदरच्या ओव्या घुसडीत. पाठ बिघडले. तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ साली, निरनिराळ्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला, व त्यात स्वतःची भर घालू पाहणाऱ्यांस कडक शब्दांत बजावले. हे एकनाथ स्वतः मोठे कवी. नवी ओवी रचणे त्यांस अवघड नव्हते. परंतु आपले काम येथे जपण्याचे आहे, रचण्याचे नव्हे, हे त्यांनी ओळखले. जेथे प्रत करावयाची तेथे ती प्रामाणिक करावी, आणि जेथे आपले सांगावयाचे तेथे आपल्या नावाने सांगावे. मौलिकतेच्या नावाखाली दुसऱ्याच्या ग्रंथात ढवळाढवळ करणे हाही अप्रामाणिकपणाच होय.

आता आपल्या मंडळीच्या घरातलेच उदाहरण घेऊ. मराठी ख्रिस्ती उपासनेतील आरंभीची पुष्कळशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत व ती विलायती चालींवर गायिली जात. ती रचणाऱ्यांची निष्ठा थोर होती, आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या मंडळीस कित्ता लागतोच. म्हणून मी त्यांस नावे ठेवीत नाही. परंतु मराठीचा आघात एका अक्षरावर व चालीचा ठोका दुसऱ्यावर, अशी त्यांची स्थिती पुष्कळदा होई. आपल्या नगरातच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची व देशी चालींची वाट धरली. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरास येऊन राहिले. त्यांनी शंभराहून अधिक भजने, अभंग व पदे मंडळीस दिली. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. येथे कोणी म्हणेल, त्यांनी इंग्रजांची नक्कल सोडून तुकारामांची धरली, यात मौलिकता ती कोणती? मला वाटते, हा प्रश्न ‘कोणाकडून घेतले’ एवढ्यावरच थांबतो. टिळकांनी अभंगाचा साचा घेतला. परंतु त्यात ओतले ते आपल्या अनुभवाचे द्रव्य, आणि ते साच्यात बसते की नाही हे गाणाऱ्यांच्या कंठांवर पारखून पाहिले. शंभर वर्षे उलटून गेली तरी ती पदे खेड्यापाड्यांतील मंडळ्या पुस्तक न उघडता गातात. १९१९ साली ते निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पुरे केले.

या लक्ष्मीबाईंविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्यांस शाळेचे शिक्षण असे लाभलेच नाही. घरात मोठा कवी, संस्कृतज्ञ पती. त्याची भाषा उचलून तिचीच री ओढावी, असा मोह कोणासही झाला असता. परंतु १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा वाचकांस दिसले की बाईंनी पतीची भाषा घेतली नाही. पंडितांची घेतली नाही. स्वयंपाकघरात, प्रवासात, प्लेगच्या दिवसांत त्या जशा बोलल्या असतील तशाच त्या लिहित्या झाल्या. वाक्ये लहान, अलंकार नाहीत, स्वतःची फजितीही हसत सांगितलेली. मराठीतील सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्या पुस्तकाची गणना होते. हे लिहिताना मजसमोर पुन्हा ती पाथर्डीच्या मुलीची वही येते. लक्ष्मीबाईंच्या लिखाणाचा पहिला कागद गेल्या जूनमध्ये नाव न घालता माझ्या गठ्ठ्यात आला असता, तर मी त्यावर काय शेरा मारला असता? ‘भाषा सुधारावी’ हाच मारला असता, अशी मला भीती वाटते.

आधुनिक काळातील कलांनाही हीच कसोटी लागू पडते. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक विलायती मूकपट पाहिला, व आपल्या देशातील कथाही अशा पडद्यावर याव्यात या ध्यासाने ते झपाटले. १९१२ साली ते लंडनला जाऊन यंत्र व विद्या घेऊन आले. ती सर्वस्वी परक्याची. परंतु भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी पहिल्याने काय चित्रित केले? कुंडीत पेरलेला वाटाणा. दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्र घेऊन अंकुराची वाढ त्यांनी पडद्यावर दाखविली. हे एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञासच शोभावे असे काम आहे. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. यंत्र आणणारे आणखीही होते. यंत्रासमोर बसून वाटाण्याची वाट पाहण्याचा धीर फाळक्यांजवळ होता.

याच गोष्टीचा शेतीतील व गावकारभारातील दाखला पाहावयाचा असेल तर आपल्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारास जावे. १९७५ पासून पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी इत्यादी नियम पाळून व पाणी अडवून नाव मिळविले होते. १९८९ साली पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले, आणि त्या गावाने राळेगणाचा कित्ता उघडपणे पुढे ठेवला. येथपर्यंत अनुकरणच होते. परंतु ते गाव तेथे थांबले नाही. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे, हे तेथे मोजले जाऊ लागले. त्या आकड्यांवरून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पीक कोणते घ्यावयाचे हे ठरू लागले. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, असे बंधन गावाने स्वतःवर घातले. त्या गावाचे पाहून इतर ठिकाणीही बांध उभे राहिले. परंतु बांध म्हणजे त्या गावाचे उत्तर आहे. मोजमाप व संयम ही त्याची कृती आहे. ज्यांनी उत्तर उतरविले व कृती वगळली त्यांचे बांध उन्हाळ्यात कोरडे पडले, तर त्यात नवल नाही. माझ्या प्रयोगवहीची आणि त्या बांधांची गोष्ट एकच आहे.

आता त्या मुलाच्या निबंधाकडे परत येतो. त्यास निबंध लिहून देणारे यंत्र हे काही सैतानाचे वाहन नव्हे. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यात भरलेला असतो, आणि एका शब्दापुढे बहुधा कोणता शब्द येतो याचा हिशेब करून ते वाक्ये रचते. हे जाणले म्हणजे त्याच्या निबंधात नदी का वाहिली हे समजते. मराठीत आजवर गावाविषयी जेवढे गोड लिहिले गेले, त्यात नदी वाहतेच. म्हणून यंत्राने ती वाहविली. टँकर, कोयता, कुलपे ही त्याच्या हिशेबात मागे पडली. ते यंत्र सरासरी गाव सांगते. तुमचे गाव सांगणे त्यास शक्य नाही, कारण ते तेथे कधी गेले नाही; आणि तुम्ही त्यास सांगितले नाही, कारण सांगण्याजोगे काही आपल्या गावात आहे असे तुम्हांस वाटले नाही. मला खरी काळजी या शेवटच्या गोष्टीची आहे. त्या मुलास मी विचारले, “ओढ्याचे का लिहिले नाहीस?” तो म्हणाला, “सर, ओढा निबंधात बसत नाही.” ही समजूत त्यास यंत्राने दिलेली नाही. ती आम्ही दिली आहे.

होय, आम्हीच दिली आहे. आम्ही शिक्षक फळ्यावर तयार उत्तरे लिहितो, मुले ती उतरवितात, परीक्षेत जो ती शब्दशः लिहील त्यास पूर्ण गुण देतो, आणि मग भाषणात म्हणतो की मुलांनी स्वतंत्र विचार करावा. पालकही यातून मोकळे नाहीत. शाळेने सांगितलेला प्रकल्प दुकानातून तयार आणणे, किंवा रात्री जागून स्वतः करून देणे, आणि प्रदर्शनाच्या दिवशी मुलाने तो आपला म्हणून दाखविणे, हे आपण कौतुकाने पाहतो. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने वाकडीतिकडी पवनचक्की केली, त्याच्यासमोर कोणी थांबत नाही. लहानपणीच मूल असा हिशेब शिकते की, आपले वेडेवाकडे दाखविण्यापेक्षा दुसऱ्याचे नीटनेटके दाखविलेले बरे. पुढे हेच मूल मोठे होऊन नक्कल करते, तेव्हा आपण पाश्चात्त्यांस, मोबाईलास व काळास दोष देतो.

मग करावे काय? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अनुकरणास भिऊ नका. चांगल्या माणसांचे, चांगल्या ग्रंथांचे, चांगल्या गावांचे अनुकरण अवश्य करा. परंतु तीन प्रश्न स्वतःस विचारा. पहिला, जे घेतले ते कोणाकडून घेतले हे मी उघड सांगितले आहे काय? दुसरा, मी उत्तर घेतले आहे की कृती? आणि तिसरा, हे माझ्या गावात, माझ्या अनुभवात खरे ठरते काय, हे मी स्वतः पाहिले आहे काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ज्यास होकारार्थी देता येईल, त्याचे काम बाहेरून कितीही ओळखीचे दिसो, ते त्याचेच आहे. उलट, केवळ जगावेगळे दिसावे म्हणून वाकडे चालणाऱ्यासही मी अस्सल म्हणणार नाही. लंबकाचे खरे उत्तर ९.८ च आहे. मौलिक होण्यासाठी कोणी मुद्दाम ७ लिहू नये.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायातला दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. धन्याने चाकरांस द्रव्य सोपविले. दोघांनी त्यावर व्यापार करून भर घातली. तिसऱ्याने जमिनीत पुरून ठेवले व जसेच्या तसे परत केले. त्याने चोरी केली नव्हती, एक नाणेही हरविले नव्हते. धन्यास दिले तेवढे तंतोतंत परत मिळाले. तरी दोष त्यासच लागला. पूर्वजांनी, गुरूंनी, परदेशांनी आपणांस जे दिले ते जसेच्या तसे परत करणे पुरेसे नाही, असा अर्थ मी शिक्षक या नात्याने त्यातून घेतो.

राहता राहिली त्या दोन वह्यांची हकिकत. त्या मुलास मी शिक्षा केली नाही. ओढ्याविषयी एक पानभर लिहून आणण्यास सांगितले. त्याने आणलेल्या पानात चार चुका होत्या, आणि ओढा वाहू लागला की पोरे शाळा बुडवून त्यात खेकडे धरतात, ही माझ्यासारख्या शिक्षकास न आवडणारी, परंतु खरी माहिती होती. मुलीची वही मी सर्व वर्गासमोर पुन्हा उघडली, माझी चूक झाली असे सांगितले, तिच्या परवानगीने तो निबंध वाचून दाखविला, व नऊच्या जागी सोळा केले. तिने वही उघडून पाहिली व विचारले, “सर, मग चार कशाचे गेले?” मी म्हटले, “शुद्धलेखनाचे.” ती म्हणाली, “ते बरोबर आहे.”

विद्यार्थी मित्रहो, पुढील वर्षी या पानांसाठी तुम्ही लेख द्याल तेव्हा तुमच्या गावात नदी नसेल तर ती वाहवू नका. आणि पालकबंधुभगिनींनो, मुलाने घरी वाकडेतिकडे काही केले, तर ते सरळ करून देण्याआधी त्यास एवढेच विचारा की, तू हे कसे केलेस? त्याने सांगितलेले पुरते ऐकून घ्या. आम्ही शिक्षकही तसेच करण्याचा प्रयत्न करू. मी तरी माझ्या लाल शाईपुरते हे वचन देतो.